उद्याची मोजपट्टी

मानसशास्त्रातील मोजमापांबद्दल विज्ञानाच्या शिक्षकांमध्ये दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना ही मोजमापे मुळातच खोटी वाटतात. माणसाच्या मनाला कसली फूटपट्टी लावता, असा त्यांचा सवाल असतो. दुसऱ्या बाजूला असे शिक्षक आहेत की प्रश्नावलीतून एखादा आकडा निघाला, आणि त्याला दशांश चिन्ह असले, की ते तो आकडा तापमापकावरील पाऱ्याइतका पक्का मानतात. दोन्ही मतांत चाचणी प्रत्यक्ष उघडून पाहण्याचे कष्ट टळतात. या लेखात आपण एक चाचणी उघडून पाहणार आहोत. माणसे आपल्या कृतीच्या दूरवरच्या परिणामांना किती वजन देतात, हे मोजण्याचा दावा ती करते.

ही चाचणी १९९४ साली अमेरिकेतील अॅलन स्ट्रॅथमन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. 'भावी परिणामांचा विचार' असे तिच्या नावाचे मराठी करता येईल. तिच्यात १२ विधाने आहेत. पुढे आपले काय होईल याचा विचार करून मी आज वागतो, अशा आशयाची पाच. आणि मी फक्त आजची निकड पाहतो, उद्याचे उद्या आपोआप मिटेल, अशा आशयाची सात. प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडते, ते १ ते ५ या श्रेणीत सांगायचे. दुसऱ्या गटातील विधानांचे गुण उलटे धरायचे, म्हणजे ५ लिहिले असेल तर १, ४ असेल तर २. मग सगळ्यांची बेरीज. कमीत कमी १२, जास्तीत जास्त ६०. बेरीज जितकी मोठी तितका माणूस भविष्याला जास्त वजन देणारा.

एवढ्या साध्या साधनातून काही निघते का? निघते, आणि ते आधी मान्य केले पाहिजे. मूळ संशोधनातील एक प्रयोग चांगला आहे. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात तेलविहिरी खोदण्याच्या योजनेविषयी माहिती वाचायला दिली. माहितीचे दोन प्रकार केले होते. एकात फायदे लगेच मिळणारे आणि तोटे पुढे कधीतरी होणारे होते. दुसऱ्यात तोटे लगेच आणि फायदे उशिरा. ज्यांचे गुण जास्त होते त्यांचे मत दूरच्या परिणामांकडे पाहून बनले, ज्यांचे कमी होते त्यांचे जवळच्या. प्रश्नावली भरताना तेलविहिरींचा विषयही नव्हता, तरी तिच्यावरून मतांचा कल सांगता आला. त्यानंतर आरोग्य, पर्यावरण, पैशाची बचत अशा अनेक विषयांत ही चाचणी वापरली गेली. गटांच्या सरासरीत काही ना काही संबंध पुष्कळदा सापडला. म्हणजे प्रश्नावली काहीतरी मोजते. काय मोजते, हा खरा प्रश्न आहे.

सुरुवात बेरजेपासून करू. समजा दोन विद्यार्थ्यांनी ही चाचणी सोडवली. पहिल्याने प्रत्येक विधानासमोर ३ लिहिले. गुण झाले ३६. दुसऱ्याला (उलटे गुण सुलटे करून घेतल्यावर) सहा विधानांना ५ आणि सहांना १ मिळाले. गुण झाले ३० अधिक ६, म्हणजे पुन्हा ३६. पहिला मुलगा कदाचित कंटाळलेला होता, किंवा त्याला खरोखरच मधले वाटत होते. दुसऱ्याची काही बाबतीत ठाम मते आहेत आणि काही बाबतीत तितकीच ठाम उलटी. चाचणीच्या नोंदीत दोघे एकच.

यावर कोणी म्हणेल की परीक्षेतही असेच होते. भूमितीत पैकीच्या पैकी आणि बीजगणितात शून्य मिळवणारा व दोन्हींत निम्मे मिळवणारा एकाच टक्केवारीला येतात. बरोबर आहे. पण तेथे उत्तरपत्रिका हाताशी असते आणि शिक्षक दोघांत फरक करतो. प्रश्नावलीच्या बाबतीत बेरीज झाली की मूळ कागद बहुधा कोणी पाहत नाही. शिवाय १ आणि २ यांतील अंतर ४ आणि ५ यांतील अंतराइतकेच आहे, हे आपण गृहीत धरून चाललो आहोत. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली अशा श्रेणी रूढ केल्या तेव्हापासून हा वाद चालू आहे. सेंटिमीटरच्या पट्टीवर दोन खुणांतले अंतर सारखे आहे की नाही हे दुसरी पट्टी लावून तपासता येते. 'थोडेसे लागू' आणि 'पुष्कळसे लागू' यांच्यामधले अंतर तपासायला दुसरी पट्टी नाही.

आता विश्वसनीयतेकडे वळू. बी.एड.च्या अभ्यासक्रमात आपण विश्वसनीयता आणि सप्रमाणता ही जोडी शिकलेलो असतो. बहुतेकांच्या लक्षात एवढेच राहते की पहिलीचा आकडा ०.८० च्या वर असला की चाचणी चांगली. स्ट्रॅथमन यांच्या चाचणीचा हा आकडा त्यांच्या वेगवेगळ्या गटांत ०.८० ते ०.८६ आला होता. उत्तम वाटतो. पण तो कसा येतो ते करून पाहू. ली क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेल्या गुणांकाचे सोपे रूप असे: विधानांची संख्या गुणिले विधानाविधानांतील सरासरी सहसंबंध, हा झाला अंश. छेदात एक अधिक, संख्येतून एक वजा करून तिला त्याच सरासरीने गुणून येणारी रक्कम. विधाने १२ आणि सरासरी सहसंबंध फक्त ०.२५ धरला तर अंश ३, छेद ३.७५, आणि उत्तर बरोबर ०.८०! सहसंबंध ०.२५ याचा अर्थ कोणत्याही दोन विधानांच्या उत्तरांतील चढउतारात समान भाग सहा टक्क्यांच्या आसपास. इतकी सैल बांधलेली बारा विधाने एकत्र केली की आकडा प्रतिष्ठित दिसू लागतो. विधाने २० केली तर तो ०.८७ होतो, एकाही विधानाचा दर्जा न सुधारता.

यात फसवणूक नाही. अनेक कच्च्या मोजमापांची सरासरी एका मोजमापापेक्षा पक्की असते, हे भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतही खरे आहे. लोलकाच्या एका आंदोलनाऐवजी वीस आंदोलनांचा वेळ आपण याच कारणाने मोजतो. मात्र लोलकाच्या बाबतीत वीसही आंदोलने त्याच लोलकाची आहेत याची खात्री असते. येथे बाराही विधाने एकाच गुणाबद्दल आहेत, हे अजून ठरायचे आहे, आणि विश्वसनीयतेचा आकडा ते ठरवू शकत नाही.

नेमका हाच मुद्दा पुढे संशोधकांच्या ध्यानात आला. २००८ च्या सुमारास जेफ जॉयरमन आणि इतरांनी दाखवले की बारा विधाने एका ढिगात न राहता दोन ढिगांत पडतात: एका ढिगात भविष्याविषयीची विधाने, दुसऱ्यात आजच्या निकडीची. २०१२ साली त्यांनी आणखी दोन विधाने घालून चौदा विधानांची सुधारित चाचणी काढली. सात भविष्याची, सात वर्तमानाची, आणि दोघांचे गुण वेगळे. त्यामागचा विचार असा की उद्याची काळजी असणे आणि आजचा मोह असणे या एकाच काठीच्या दोन बाजू नसून दोन वेगळ्या काठ्या असू शकतात. विचार म्हणून हे मला पटते. परीक्षेची धास्ती असलेला आणि तरीही सामना पाहायला बसणारा मुलगा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याला भविष्य दिसत नाही असे नाही. वर्तमान जास्त जोराने ओढते.

परंतु हे दोन ढीग खरोखर मनातले आहेत की प्रश्नपत्रिकेच्या रचनेतले, याची शंका राहतेच. कारण पाहा. मूळ चाचणीत उलट्या गुणांची सर्व विधाने वर्तमानाची आहेत आणि सुलट्या गुणांची सर्व विधाने भविष्याची. आता काही माणसांची सवय अशी असते की काहीही विचारले की मान डोलवायची. अशा माणसाने बाराही ठिकाणी ४ लिहिले असे समजा. भविष्याच्या पाच विधानांचे २०, वर्तमानाच्या सातांचे उलटे होऊन १४, एकूण ३४. मध्याच्या जवळ आला, फारसे बिघडले नाही. उलटी विधाने घालण्याचा हेतूच तो असतो. पण दोन ढीग वेगळे केले की हाच माणूस दोन्हींत वरचढ ठरतो, आणि संशोधक लिहितो की याला उद्याचीही काळजी आहे व आजचाही ओढा आहे. प्रत्यक्षात त्याला फक्त होकाराची सवय आहे. हे टाळायला भविष्याची काही विधाने नकारार्थी आणि वर्तमानाची काही होकारार्थी, अशी सरमिसळ हवी होती. ती केली असती तर आशय आणि होकाराची सवय वेगळी करता आली असती. प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, हे आपण आठवीच्या मुलांना शिकवतो. या चाचणीवरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

प्रश्नावलीत माणूस स्वतःबद्दल बोलतो. त्यापेक्षा त्याला निवड करायला लावावी, हा दुसरा मार्ग. अर्थशास्त्रात याचे मूळ पॉल सॅम्युएलसन यांच्या १९३७ च्या लेखात आहे. उशिरा मिळणाऱ्या गोष्टीचे आजचे मोल ठरावीक दराने घटत जाते असे एक साधे गणित त्यांनी मांडले. पुढे प्राण्यांवरील आणि माणसांवरील प्रयोगांतून दिसले की घट अशा एकसारख्या दराने होत नाही. सुरुवातीला झपाट्याने आणि मग मंद होते. त्यावर आधारलेली क्रिस किर्बी आणि सहकाऱ्यांची २७ प्रश्नांची चाचणी १९९९ साली प्रसिद्ध झाली आणि पुष्कळ वापरली गेली. प्रत्येक प्रश्नात आज मिळणारी लहान रक्कम आणि एक आठवडा ते सुमारे सहा महिन्यांनी मिळणारी मोठी रक्कम यांत निवड करायची. हेरॉइनच्या व्यसनात सापडलेल्यांच्या उत्तरांत भविष्याचे मोल व्यसन नसलेल्यांपेक्षा लवकर घटते, असे तिच्यातून दिसले.

गणित सोपे आहे. समजा आज ५०० रुपये आणि ६० दिवसांनी ८०० रुपये या दोन्हींत तुम्हाला काहीच फरक वाटत नाही. ८०० भागिले ५०० म्हणजे १.६, त्यातून १ वजा केला, ०.६, त्याला ६० दिवसांनी भागले, ०.०१. हा तुमचा घटीचा गुणांक. ज्याला ८०० साठी फक्त ६ दिवस थांबणे परवडते त्याचा गुणांक ०.१, म्हणजे दहापट उतावळा. नववीच्या वर्गालाही जमेल असे हे गणित आहे. आकडा स्वच्छ निघतो, आणि स्वतःच्या स्तुतीला फारसा वाव राहत नाही.

तरीही या आकड्याने काय मोजले? एक गंमत पाहा. याच चाचणीत मोठ्या रकमांसाठी गुणांक लहान येतो आणि लहान रकमांसाठी मोठा. तोच माणूस, तीच वेळ, पण रक्कम बदलली की गुण बदलला. एकाच पाण्यात बुडवलेला तापमापक पेल्यात एक आणि बादलीत दुसरे तापमान दाखवू लागला तर आपण त्याला काय म्हणू? ही गोष्ट शंभरदा पडताळली गेलेली असल्याने तिला मापनाची चूक म्हणून बाजूला टाकता येत नाही. माणसाच्या अंगात कायम वसणारा असा एकच घटीचा दर असतो, या कल्पनेतच दोष आहे.

त्याहून गंभीर बाब गरजेची आहे. दोन महिन्यांत ५०० चे ८०० होणे हे कोणत्याही बँकेत न मिळणारे व्याज आहे. तेव्हा आज ५०० घेणारा माणूस मूर्ख किंवा उतावळा ठरतो. पण आज दुकानदाराची उधारी चुकवायची असेल, औषध आणायचे असेल, तर ५०० घेणे हीच दूरदृष्टी. कार्वाल्हो, मायर आणि वांग यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. कमी उत्पन्न असलेल्या अमेरिकन कुटुंबांना त्यांनी पगाराच्या दिवसाआधी किंवा नंतर निवडीचे प्रश्न विचारले. पगाराआधी विचारलेल्यांनी पैशाच्या बाबतीत आजच्याकडे जास्त कल दाखवला. पण पैशाऐवजी कामाची निवड दिली, म्हणजे थोडे काम आज करायचे की जास्त काम नंतर, तेव्हा दोन गटांत फरक दिसला नाही. स्वभाव पगाराच्या तारखेला बदलत नसतो, खिसा बदलतो. निवडीच्या चाचणीने पुष्कळसा खिसाच मोजला होता.

मग बोलणे आणि निवड यांचा परस्पर मेळ किती? आत्मसंयम मोजण्याच्या निरनिराळ्या पद्धतींचा असा मेळ अँजेला डकवर्थ आणि मार्गारेट कर्न यांनी २०११ साली २८२ नमुन्यांची माहिती एकत्र करून पाहिला. निरनिराळ्या मापांतील सरासरी सहसंबंध ०.२७ च्या आसपास निघाला. वर्ग केला तर सुमारे सात टक्के. दोन वजनकाट्यांचा मेळ एवढाच असता तर आपण भाजी मोजून घेतली नसती. असो.

येथे शिक्षकांच्या परिचयाचा एक प्रयोग येतो. वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला गोड खाऊचा प्रयोग प्रशिक्षण वर्गांतून इतक्यांदा सांगितला गेला आहे की त्याची बोधकथाच झाली आहे. समोरचा खाऊ लगेच खाल्लास तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. जी मुले थांबली ती पुढे शिक्षणात सरस ठरली, असा त्याचा गोषवारा. याचा पुढचा भाग मात्र प्रशिक्षण वर्गांतून क्वचितच ऐकायला मिळतो. टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली बऱ्याच मोठ्या आणि विविध घरांतील मुलांच्या गटावर हा संबंध तपासला. तो मूळच्या निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती व मुलाची लहानपणची बौद्धिक वाढ हिशेबात घेतल्यावर उरलेल्यापैकीही दोनतृतीयांश गेला.

सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा प्रयोग तर कोणत्याही बालवाडीच्या बाईंना सहज समजेल. २८ मुले होती. निम्म्या मुलांना आधी चित्रकलेसाठी चांगले साहित्य आणून देतो असे सांगून प्रयोगकर्त्याने ते खरोखर आणून दिले. उरलेल्या निम्म्यांना तसेच सांगितले, आणि मग साहित्य नाही म्हणून हात हलवत परत आला. त्यानंतर खाऊची परीक्षा. शब्द पाळलेल्या गटातील मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, शब्द मोडलेल्या गटातील ३ मिनिटे. संपूर्ण १५ मिनिटे थांबणारी मुले पहिल्या गटात १४ पैकी ९, दुसऱ्यात १४ पैकी १. प्रयोग लहान आहे, पण फरक लहान नाही. मुलांच्या दोन्ही गटांत जन्मजात संयम कमीअधिक असण्याचे काही कारण नव्हते. समोरचा मोठा माणूस सांगितलेले देतो का, एवढेच मुलांनी ताडले होते. मिशेल यांनी स्वतः १९५८ साली त्रिनिदादमध्ये एक पैशाचा खाऊ आज की दहा पैशांचा आठवड्याने, असा प्रश्न मुलांना विचारला होता. आफ्रिकी वंशाच्या आणि भारतीय वंशाच्या मुलांच्या उत्तरांतला फरक त्यांना दिसला. पण तो फरक घरात वडील आहेत की नाहीत याच्याशी बराचसा जोडलेला निघाला. म्हणजे अगदी पहिल्या पावलापासून या विषयात 'स्वभाव' म्हणून जे दिसते त्याच्यामागे 'परिस्थिती' उभी आहे.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. अशा प्रश्नावल्यांची मराठी भाषांतरे करून मुलांकडून भरून घेण्याची हौस काही ठिकाणी दिसते. काही वर्षांपूर्वी एका शिक्षिकाबाईंनी मला असा एक भरलेला कागद दाखवला होता. नववीतील मुलीचा होता. खाली समुपदेशकाचा शेरा होता: 'दूरदृष्टी कमी'. बाईंना खटकले ते असे की ही मुलगी पहाटे घरचे पाणी भरून, धाकट्या भावाला तयार करून शाळेत येत असे, आणि वह्या संपायच्या आधी नव्या वहीचे पैसे साठवत असे. कागदावरची उत्तरे मी वाचली. 'मी भविष्याचा फार विचार करते' या वाक्यापुढे तिने १ लिहिले होते. बाईंनी सहज विचारले तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे भविष्य वगैरे कुणी बघत नाही, बाई."

भाषांतराचा हा दोष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मराठीत 'भविष्य' या शब्दाला वर्तमानपत्रातील राशींचा आणि पंचांगाचा वास आहे, हे भाषांतरकाराच्या डोक्यात आलेच नाही. 'चिंता' आणि 'विचार' यांतही असेच घोटाळे होतात. परिणामांची चिंता करतो म्हटले की तो भित्रा ठरतो, विचार करतो म्हटले की शहाणा. शिवाय 'दूरच्या परिणामांची मला काळजी वाटत नाही' या विधानापुढे 'अजिबात लागू नाही' लिहायचे, तर दोन नकारांचा गुंता सोडवावा लागतो. पाचवी-सहावीच्या मुलाचे उत्तर तेथे त्याच्या स्वभावाऐवजी व्याकरणावर अवलंबून राहते. भाषांतर उलट फिरवून, म्हणजे मराठीचे पुन्हा इंग्रजी करवून, मुळाशी ताडून पाहण्याची पद्धत आहे. पण 'भविष्य'चे उलट भाषांतर निर्दोष येईल! मुलांना एकेक वाक्य वाचून दाखवून 'यातून तुला काय समजले' असे विचारण्यावाचून दुसरा उपाय नाही.

भाषेवरून आठवले. २०१३ साली कीथ चेन यांनी असा दावा केला होता की ज्या भाषांत भविष्यकाळाचे वेगळे रूप सक्तीने वापरावे लागते, त्यांचे भाषक कमी बचत करतात. आपण 'उद्या पुण्याला जाईन' म्हणतो तसे 'उद्या पुण्याला जातो' असेही सर्रास म्हणतो. तेव्हा मराठी माणसाला काटकसरी म्हणावे की उधळ्या, हे या सिद्धान्ताने सांगणे अवघडच होते. २०१५ मध्ये चेन यांनीच इतर दोघांसह पुन्हा विश्लेषण केले. भाषा एकमेकींच्या बहिणी असतात, त्यांचे भाषक शेजारी असतात, हे हिशेबात घेतल्यावर तो संबंध बराच ढिला पडला. आपल्याच सिद्धान्ताची अशी परीक्षा घेणे, हे मात्र शिकण्यासारखे.

शेऱ्याचा प्रश्न उरतोच. अशी चाचणी एका मुलाविषयी काही सांगू शकते का? हिशेब करू. विश्वसनीयता ०.८० धरू आणि गुणांचे प्रमाण विचलन समजा ८ आहे. एका व्यक्तीच्या गुणातील प्रमाण त्रुटी म्हणजे ८ गुणिले, १ वजा ०.८० यांचे वर्गमूळ. उत्तर सुमारे ३.६. दुप्पट केली की ७. म्हणजे ज्या मुलीला ३२ गुण पडले तिचा खरा गुण २५ ते ३९ मध्ये कोठेही असू शकतो. दोन मुलांची तुलना करायची तर त्रुटी आणखी वाढते; दहापेक्षा कमी फरकाला काही अर्थच राहत नाही. आणि ही झाली चाचणी निर्दोष आहे, भाषांतर निर्दोष आहे असे मानून काढलेली त्रुटी. गटाच्या सरासरीत या त्रुटी एकमेकींना खोडतात, म्हणून पाचशे जणांच्या संशोधनात ही चाचणी उपयोगी पडते. एका मुलीच्या शेऱ्यात त्या खोडल्या जात नाहीत. साधन एकच असले तरी वापर दोन आहेत, आणि स्ट्रॅथमन यांची चाचणी पहिल्यासाठी बनलेली आहे.

कोणी विचारेल, मग शिक्षकाने हा विषय सोडूनच द्यावा का? उलट, वरच्या वर्गांत मापन या विषयावर तास घ्यायचा तर याच्याइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे. एक करून पाहा. पाटीवर चार प्रश्न लिहा. आज १०० रुपये की महिन्याने १५०? आज १००० की महिन्याने १५००? मग हेच १०० आणि १५०, पण देणारी तुमची आजी आहे. शेवटी तेच, पण देणारा बसस्थानकावर भेटलेला अनोळखी माणूस आहे. प्रत्येक मुलाने चिठ्ठीवर फक्त चार अक्षरे लिहायची, 'आ' किंवा 'म'. चिठ्ठीवर नाव किंवा हजेरी क्रमांक मुळीच घालू देऊ नका, आणि चिठ्ठ्या गोळा करायला वर्गप्रमुखाला न पाठवता डबा फिरवा. शिक्षकांनी उत्तरे वाचायची आहेत असे कळले की मुले शहाणपणाची उत्तरे लिहू लागतात. मग चार प्रश्नांतील 'म' मोजून स्तंभालेख काढायला लावा. पहिल्या व दुसऱ्या स्तंभात व्याजाचा दर एकच असल्याचे मुलांना आधी सांगू नका. कोणीतरी स्वतःच विचारील. आजी आणि अनोळखी माणूस यांचे स्तंभ शेजारी शेजारी काढा, आणि यातला कोणता स्तंभ वर्गाचा 'संयम' म्हणून वहीत लिहायचा, ते मुलांना विचारा. तास संपेपर्यंत त्यांचे एकमत होणार नाही.